हलगीवाल्याने तीन दरपत्रके कुठून आणायची?

मा. कुलगुरू,
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ,
विष्णुपुरी, नांदेड



हे पत्र उमरीहून लिहितो आहे. ते आपल्या नावे असले, तरी आमच्या मोंढ्यातले आडते, जिनिंगवाले, साखर कारखानदार, नगरपरिषदेचे सदस्य आणि तालुक्यातले कलावंत यांनीही ते वाचावे, म्हणून जाहीरपणे लिहितो आहे. मागणी एकच आहे. विद्यापीठाने अर्थसंकल्पात कलानिर्मितीसाठी वेगळा निधी ठेवावा आणि विद्यापीठ, गाव व स्थानिक व्यवसाय या तिघांनी मिळून हाती घेतलेल्या कामांना तो द्यावा. स्पर्धा आणि सोहळे होतच असतात. हा पैसा नवे काम घडवण्यासाठी हवा.

‘ज्ञानतीर्थ’ युवक महोत्सवाचेच पाहा. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांची मुले आठवडेच्या आठवडे राबून पोवाडा, भारूड, लोकनृत्य, एकांकिका उभी करतात. त्यातले काही इतके अस्सल असते की पाहताना ऊर भरून येतो. मग निकाल लागतो, ढाल वाटली जाते, निवडक मुले ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवाला जातात आणि ते भारूड तिथेच संपते. ज्या म्हाताऱ्या भारुडकऱ्याच्या ओट्यावर बसून मुलाने चाल उचलली, त्याच्या गावात बहुतेक वेळा एकही प्रयोग होत नाही. त्याला कधी शाल मिळते, कधी नुसता नारळ. पुढच्या वर्षी नवी मुले, नवी भाड्याची वेशभूषा आणि पुन्हा पहिल्यापासून तयारी. महोत्सव हवाच. पण कलेवरचा खर्च एवढ्यावरच थांबला, तर विद्यापीठाच्या गाठीला वर्षानुवर्षे काहीच साठत नाही.

आमच्याकडे प्रेक्षक नाहीत, असे कुणी म्हणत असेल तर त्याने मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला यावे. खंडोबाच्या त्या यात्रेत घोडे-गाढवांचा बाजार भरतो, तसे तमाशाचे फडही लागतात. जिल्हा परिषद तिथे लावणी आणि लोककलांचे महोत्सव भरवते. किनवटकडे दिवाळीत गोंडांची दंडार निघते, तांड्यांवर होळीला लेंगी घुमते. लोक येतात, रात्र जागवतात, पैसेही मोजतात. उणीव आहे ती यात्रा संपल्यापासून पुढच्या यात्रेपर्यंतच्या काळात. त्या दहा-अकरा महिन्यांत कलावंत सोयाबीन काढायला जातो, ऊसतोडीला जातो, पुण्याला बांधकामावर जातो. नवे काही रचायला त्याला सवड नसते, कारण रचण्याचा रोज त्याला कुणी देत नाही.

प्रयोगाला सुपारी मिळते, तालमीला मिळत नाही. आमच्या भागातली कला जुन्याच वगांवर, जुन्याच चालींवर अडली आहे असे अभ्यासक लिहितात, त्याचे खरे कारण इथे आहे.

आता विद्यापीठाने उद्या निधी ठेवला असे धरू. तो हलगीवाल्याच्या हातात कसा पोचेल? सरकारी पैसा खर्च करायची आपली रीत खुर्च्या आणि संगणक विकत घेण्यासाठी बेतलेली आहे. आधी तीन दरपत्रके, मग तुलनात्मक तक्ता, मग कार्यादेश, मग जीएसटी क्रमांक असलेले बिल, मग लेखा विभागाचे शेरे, शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. खुर्च्यांसाठी हे योग्यच आहे. पण चाळीस वर्षे हलगी वाजवणाऱ्या माणसाने दरपत्रक कुठून आणायचे? त्याच्या वादनाची तुलना कोणत्या तक्त्यात करायची? त्याचे बिल सहा महिने टेबलांवरून फिरत राहिले, तर दरम्यान त्याच्या घरी चूल कशावर पेटायची? कागदपत्रांची सवय असलेला एखादा इव्हेंटवाला मध्ये शिरतो, बिल तोच लावतो, आणि कलावंताच्या हातावर उरलेसुरले पडते. म्हणून निधीची रक्कम ठरवण्याआधी त्याचे नियम ठरवा. कलावंताच्या बँक खात्यात आगाऊ रक्कम, तालमीच्या दिवसांचा रोज, आधारकार्ड आणि साध्या पावतीवर हिशेब. लेखापरीक्षण कडक असू द्या, त्याला आमची हरकत नाही. फक्त ते माणसाच्या कामाचे असावे, फर्निचरचे नसावे.

व्यवसायांकडून पैसा आणण्याबाबतही थोडे तपशिलात जावे लागेल, कारण या बाबतीत आपल्याकडे बराच गैरसमज आहे. ‘सीएसआरमधून करू’ असे प्रत्येक व्यासपीठावर म्हटले जाते. सीएसआर म्हणजे कंपन्यांचे सामाजिक दायित्व. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे त्यावर खर्च करण्याचे बंधन मोठ्या कंपन्यांवर आहे: 500 कोटींचे नक्त मूल्य, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक तरी असलेल्या. त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के खर्च करायचे असतात. मोंढ्यातला आडता यात बसत नाही. सहकारी साखर कारखाना ही कंपनीच नव्हे, त्यामुळे त्यालाही हे कलम लागू नाही. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक विद्यापीठांना संशोधनासाठी देणगी देण्याची जी बाब आहे, ती विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक एवढ्यांपुरतीच आहे. कलेचा तिथे उल्लेख नाही.

पण त्याच अनुसूचीत पाचवी बाब आहे: राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे जतन, सार्वजनिक ग्रंथालये, पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास. आमच्यासाठी दार इथे आहे. त्यातून आत जायला मात्र नोंदणीकृत संस्था लागते. खेड्यातल्या कलापथकाकडे ना नोंदणी असते, ना आयकराची प्रमाणपत्रे. कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेला सीएसआरचे काम राबवता येते, आणि आपले विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले आहे. चार जिल्ह्यांतल्या शेकडो बेनोंदणी कलावंतांना या पैशापर्यंत नेऊ शकेल अशी आपल्याइतकी भक्कम संस्था या भागात दुसरी नाही. विद्यापीठाने आवश्यक ती नोंदणी करून या कामासाठी एक खिडकी उघडावी. लातूर-नांदेडमध्ये प्रक्रिया उद्योग आहेत, बँका आहेत, मोठ्या कंपन्यांची कामे आहेत. त्यांच्याकडे जायला आमच्या कलापथकांकडे पत्ता नाही, आपल्याकडे आहे.

छोट्या व्यापाऱ्यांनी रोख द्यावी असा आग्रह नको. सोयाबीन-हरभऱ्याचा हंगाम सरला की मोंढ्यातली गोदामे रिकामी असतात. तालमीला त्याहून चांगली जागा उमरीत नाही. कुणाकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, कुणाचा छापखाना आहे, कुणाचा मंडप. हे सगळे रुपयांत मोजून प्रकल्पात व्यवसायाचा वाटा म्हणून धरावे. ऑस्ट्रेलियात संशोधन परिषदेच्या ‘लिंकेज’ योजनेत भागीदार संस्थेने रोख रकमेबरोबर वस्तू आणि सेवांच्या रूपातही वाटा द्यायची पद्धत रुळलेली आहे. ब्रिटनमध्ये 2012 मध्ये तिथल्या कला व मानव्यविद्या संशोधन परिषदेने अशीच चार केंद्रे उभी केली, त्यांत विद्यापीठातले अभ्यासक आणि छोटे कलाव्यावसायिक एकत्र बसून नवे प्रयोग करत. आमच्या जवळचे उदाहरण मात्र अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे आहे. तिथल्या विद्यापीठाच्या विस्तार विभागातल्या रॉबर्ट गार्ड या नाट्यशिक्षकाने 1966 मध्ये राष्ट्रीय कलानिधीच्या मदतीने तीन वर्षांचे काम उभे केले ते पाच लहान गावांत. त्यातले स्प्रिंग ग्रीन तर आपल्या उमरीपेक्षाही लहान. कला शहरात आणि शेती खेड्यात, ही वाटणी एका शेतकी राज्याच्या विद्यापीठाने मोडायला घेतली होती. आपल्या राज्याच्या विद्यापीठ कायद्यानेही प्रत्येक विद्यापीठाला आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ दिलेले आहे. त्याच्या कामात कला का नसावी?

आणि व्यापाऱ्यांनो, यात तुमचे काय? किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर तयार व्हायचे. त्या कारखान्याने 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती गिऱ्हाईक आणि विक्रेत्यांना माल कळावा म्हणून. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती तिचे मासिक झाले, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, आणि मराठी घराघरांत वाचन पोचले. नांगर विकणे आणि मराठी माणसाची जाण वाढवणे या दोन्ही गोष्टी एका छपराखाली झाल्या. आज धर्माबादची मिरची, लातूरची डाळ मोठमोठ्या बाजारांत जाते ती बहुधा साध्या पोत्यांतून आणि दुसऱ्याच्या नावाने. तिची पिशवी, तिचे चित्र, तिच्या मागची गोष्ट इथल्याच चित्रकाराने आणि लेखकाने करावी, हे कलाप्रकल्पाचेच काम आहे. विद्यापीठाच्या ललित व प्रयोगजीवी कला संकुलातली मुले एक हंगाम मोंढ्यात येऊन राहिली, तर व्यापारीही शिकतील आणि मुलेही.

उमरीत काय करता येईल, हे आता सांगतो, कारण मोघम मागणीला मोघमच उत्तर मिळते.

30 जानेवारी 1948 रोजी उमरीची हैदराबाद स्टेट बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. निजामाच्या आणि रझाकारांच्या राजवटीत, उमरखेडच्या सीमेवरल्या छावणीतून आखलेली ती कारवाई होती. लाखो रुपये हाती आले, ते लढ्यासाठी वापरले गेले आणि त्यांचा हिशेब ठेवून पुढे तो सरकारला सादर झाला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पैशाच्या पेट्या घेऊन रानावनातून परतणाऱ्या त्या माणसांपर्यंत ती बातमी कशी आणि कधी पोचली असेल, हा एकच प्रसंग मोठ्या नाटककाराला पुरून उरेल. अनंतराव भालेराव यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामावर लिहून ठेवले, इतिहासाची पुस्तके झाली, 17 सप्टेंबरला झेंडे लागतात. पण ही घटना उमरीच्या लोकांनी, उमरीच्या बोलीत, उमरीच्या मैदानात अजून उभी केलेली नाही. त्या काळाचे साक्षीदार आता फारसे राहिले नाहीत. त्यांच्या मुला-नातवंडांकडे ऐकीव गोष्टी आहेत, घरांच्या माळ्यांवर कागद आहेत, आणि तेही फार काळ राहणार नाहीत. आपले विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 ला, मुक्तिदिनी स्थापन झाले, ते या लढ्याच्या नेत्याच्या नावाने. या कामासाठी याहून योग्य संस्था मला दिसत नाही.

दुसरे काम गोरट्याचे. उमरी तालुक्यातल्या या गावात दासगणू महाराजांची समाधी आहे. 1868 साली जन्मलेला हा पोलिसातला माणूस उमेदीत लावण्या रचायचा, तमाशात रमायचा. पुढे कीर्तनाकडे वळला, संतचरित्रे लिहिली आणि 1939 मध्ये ‘गजानन विजय’ ग्रंथ पूर्ण केला. तमाशाचा फड आणि कीर्तनाचा पाट या दोन्हींची नस एका माणसाला ठाऊक होती. भक्तिभावाने गोरट्याला पुष्कळ जण येतात. रंगभूमीच्या अंगाने मात्र या वारशाकडे फारसे पाहिले गेलेले नाही. पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी, आख्यान रंगवण्याची रीत, साथीदारांशी होणारी नजरेची बोलणी यांचे नीट ध्वनिचित्रमुद्रण व्हावे, चालींची स्वरलिपी व्हावी आणि नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने महिनाभर एखाद्या जुन्या कीर्तनकाराच्या मागे टाळ घेऊन उभे राहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट काढली आहे. पदवीची अट न ठेवता आपल्या क्षेत्रात मुरलेल्या माणसाला शिकवायला नेमता येते, आणि त्याच्या मानधनाचा भार उद्योगांनी उचलण्याचीही तरतूद तीत आहे. 2023 मध्ये कलावंत आणि कारागिरांना विद्यापीठात निवासी म्हणून बोलावण्याची मार्गदर्शक तत्त्वेही आली. कीर्तनकार, शाहीर, हलगीवादक यांना या वाटेने वर्गात आणा.

विद्यापीठ आणि लोकांची कला यांची अशी जोड आपल्या भागाला अपरिचित नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी 1979 मध्ये ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणले. मराठवाडी बोलीतली ती माणसे एकट्याने उभी करत त्यांनी हजारो प्रयोग केले, तेही तिकीट लावून. नांदेडच्या दत्ता भगतांनी ‘वाटा पळवाटा’ हे नाटक लिहिले. डॉ. प्रभाकर मांडे आयुष्यभर लोकरंगभूमी आणि भटक्यांच्या जीवनाचा अभ्यास करत राहिले. मातीही आहे, माणसेही झाली. ते सारे त्यांच्या वैयक्तिक जिद्दीवर झाले. पुढच्या पिढीला जिद्दीबरोबर थोडा आधारही मिळावा.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘गावाचा सहभाग’ म्हटले की समितीत कोण बसते, हे आपण सगळे जाणतो. हलगी कुणाच्या घरातली, पोतराज कोण, गोंधळी कोण, मुरळीच्या वाट्याला काय आले, या प्रश्नांना जातीचे आणि बाईच्या दर्जाचे उत्तर आहे. कला त्यांची आणि समिती दुसऱ्यांची, असे झाले तर हा निधी जुन्याच अन्यायावर नवा रंग चढवेल. म्हणून समितीत निम्म्या जागा प्रत्यक्ष कलावंतांच्या असाव्यात, त्यांत बायका असाव्यात, आणि मानधनावर सही-अंगठा त्यांचाच असावा. ज्यांनी जलशांतून आंबेडकरी विचार वाडी-वस्तीवर नेला त्यांच्या वारसांना आपण ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून बोलावतो, लेखक म्हणून बोलावत नाही. हे बदलायला हवे.

तीच गोष्ट पैसे देणाऱ्याची. आमच्याकडे कारखाना आणि राजकारण वेगळे काढता येत नाही. पैसा देणाऱ्याचे नाव फलकावर जरूर लिहावे. संहितेत काय असावे, काय नसावे, कुणाची भूमिका मोठी, यात त्याला शब्द नसावा, आणि हे करारात लिहिलेले असावे. ज्याला हे मान्य नाही त्याचा पैसा घेऊ नये, भले प्रकल्प लहान करावा लागला तरी चालेल.

हक्कांचेही लेखी असू द्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम 38 ने सादरकर्त्याला स्वतःचा हक्क दिला आहे. गावात येऊन बायकांच्या ओव्या मोबाइलवर भरून न्यायच्या आणि प्रबंधात ‘एक वृद्ध महिला’ असे लिहायचे, हे थांबावे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाचे मोठेपण संख्येइतकेच गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीसोबत जपण्यात आहे.

पैशाचा अंदाज मांडतो. पाच तालुके, प्रत्येकी 5 लाख, म्हणजे पहिल्या वर्षी 25 लाख. एका तालुक्यात दहा कलावंतांना चाळीस दिवसांच्या तालमीचा 500 रुपये रोज धरला तर 2 लाख होतात. लेखक-दिग्दर्शकाला 1 लाख, ध्वनिमुद्रण आणि लेखनिकाला 60 हजार, प्रवासाला 40 हजार, आणि वाडी-वस्तीवरच्या वीस प्रयोगांना 5 हजारांप्रमाणे 1 लाख. यातले 3 लाख विद्यापीठाने द्यावेत, दीड लाख व्यवसायांनी रोख किंवा वस्तुरूपात, उरलेले 50 हजार नगरपरिषदेने. प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरायच्या आहेत, त्या आधी भरा, त्यांचा पैसा आम्हाला नको. पण नव्या शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाचे श्रेयांक सक्तीचे केले आहेतच. त्यासाठी झेरॉक्सच्या दुकानातून बांधून आणलेल्या फायली तपासण्यापेक्षा मुलांना या कामावर पाठवा. श्रेयांकही खरे होतील, मनुष्यबळही मिळेल. कामाची मुदत दोन वर्षांची ठेवा. एका वर्षात फक्त उद्घाटन होते.

साहेब, अर्थसंकल्प अधिसभेपुढे येण्याआधी आपण एक दिवस उमरीला या. नगरपरिषदेच्या सभागृहात बैठक घ्या. आडते, जिनिंगवाले, कारखान्याचे लोक, महाविद्यालयाचे प्राध्यापक आणि तालुक्यातले कलावंत यांना आम्ही बोलावतो. आपण वित्त व लेखा अधिकाऱ्यांना बरोबर आणा, कारण दरपत्रकाचा प्रश्न त्यांच्याच टेबलावर सुटणार आहे. बँकेच्या कारवाईला 30 जानेवारी 2028 रोजी 80 वर्षे होतील. नाटक लिहायला, बसवायला आणि गावोगाव न्यायला दोन वर्षे लागतात, म्हणून निर्णय येत्याच अर्थसंकल्पात व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
उमरीचा एक रहिवासी
(जि. नांदेड)